'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे!
(लस आणि ऑटिझमच्या वादाचा एक अभ्यास)

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. मी शीट पूर्ण करत बसलो होतो, रूममेट माझ्याच जर्नलमधून रीडिंग्ज उतरवून घेत होता. ताई म्हणाली, "अरे, परवा छकुलीचा दीड वर्षाचा डोस आहे. सासूबाईंना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, या इंजेक्शननं मुलं बोलायची बंद होतात म्हणून. आणि आपल्याकडे तर... तुला माहितीच आहे. तू इंजिनीअर होतोयस ना? मग खरं काय ते सांग."

'आपल्याकडे' म्हणजे आमच्या मावशीकडे. माझा मावसभाऊ स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आता तो सोळा वर्षांचा आहे. कुकरची शिट्टी झाली की कान घट्ट दाबून धरतो, पण आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या गाड्यांचे नंबर त्याला पाठ आहेत. सव्वा वर्षाचा असताना त्याला एमएमआरची लस दिली आणि त्यानंतर महिन्याभरात त्याचे होते-नव्हते ते चार शब्दही गेले. मावशी आजही सांगते, "इंजेक्शनला मीच घेऊन गेले होते रे त्याला." तिच्या या एका वाक्यामुळे आमच्या घरात लस म्हटलं की सगळे गप्प होतात. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून निघाली तेव्हा मी आठवीत होतो. आईनं मला त्या दिवशी शाळेत पाठवलंच नाही.

तर मित्रांनो, ताईला मी म्हटलं, "दोन दिवस दे." सबमिशन बोंबललं, पण अभ्यास झाला. मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखाच तृतीय वर्षाचा विद्यार्थी आहे. पण या वादात औषधशास्त्रापेक्षा जास्त काही असेल तर ते म्हणजे प्रयोग कसा करावा, रीडिंग कसं घ्यावं आणि निष्कर्ष कसा काढावा. आणि तो आपल्या सगळ्यांच्या सिलॅबसमधला विषय आहे.

वाद सुरू कुठे झाला?

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटनमधल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांचे बारा सहकारी हे त्याचे लेखक. पेपरमध्ये फक्त १२ मुलांची माहिती होती. या मुलांना आतड्यांचा त्रास होता आणि त्यांच्या वाढीतही अडचणी होत्या, बहुतेकांना ऑटिझम असल्याचं म्हटलं होतं. त्यातल्या ८ मुलांच्या बाबतीत ही लक्षणं एमएमआर लसीनंतर सुरू झाल्याचं पालकांनी (किंवा डॉक्टरांनी) सांगितलं, अशी नोंद होती. एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरची एकत्रित लस.

गंमत अशी की, लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, हे त्या पेपरमध्येच लिहिलेलं होतं. पण पेपरच्या वेळी झालेल्या पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एकत्रित लस थांबवून तिन्ही लसी वेगवेगळ्या द्याव्यात असं सुचवलं. मग काय! वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे तोच विषय. पेपर वाचणारे मोजके होते, मथळे वाचणारे लाखो.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यावर दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे ९२ टक्के मुलांना एमएमआर मिळत होती. २००३-०४ साली हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत घसरलं. आठ-नऊ वर्षांत बारा टक्के! आणि कशामुळे, तर बारा मुलांच्या एका पेपरमुळे.

उत्तरावरून रीडिंग

आता जरा आपल्या लॅबमध्ये या. खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांनी उत्तर आधी काढून मग त्यावरून रीडिंग्ज लिहिली आहेत? ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून एखादा पॉइंट खोडरबरनं थोडा सरकवला आहे? मी सरकवला आहे. सरांची सही मिळाली की झालं, असंच वाटायचं.

लंडनमधल्या त्या प्रयोगाची जर्नल शेवटी कुणीतरी तपासली. ब्रायन डीअर नावाच्या पत्रकारानं २००४ पासून 'संडे टाइम्स'मध्ये आणि पुढे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रकरण खणून काढलं. त्यातून काय निघालं बघा.

एक, लसनिर्मात्या कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. ही एकूण रक्कम चार लाख पौंडांहून अधिक होती. पेपरमध्ये याचा उल्लेख नव्हता.

दोन, १९९७ साली, म्हणजे पेपर येण्याच्या आधीच, गोवरासाठीच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी त्यांच्या नावानं अर्ज गेलेला होता.

तीन, आणि हे सगळ्यात वाईट. १२ मुलांचे मूळ केसपेपर आणि छापलेला पेपर यांचा ताळमेळच बसत नव्हता. लसीपूर्वी सगळी मुलं चांगली होती असं छापलं होतं. प्रत्यक्षात ५ मुलांच्या वाढीबद्दलच्या शंका लसीच्या आधीच कागदावर नोंदवलेल्या होत्या. 'शिकलेलं विसरणारा' ऑटिझम म्हणून ज्या ९ मुलांची नोंद होती, त्यातल्या ३ जणांना ऑटिझमचं निदान झालेलंच नव्हतं.

२००४ साली १३ पैकी १० लेखकांनी पेपरमधला लसीविषयीचा अन्वयार्थ मागे घेतला. २ फेब्रुवारी २०१० रोजी 'लॅन्सेट'नं अख्खा पेपरच रद्द केला. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं २१७ दिवस सुनावणी घेऊन वेकफिल्ड यांना अप्रामाणिकपणाबद्दल दोषी ठरवलं आणि मे २०१० मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. सुनावणीत असंही निघालं की मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांचं रक्त त्यांनी प्रत्येकी ५ पौंड देऊन घेतलं होतं.

हे वाचल्यावर मी रूममेटच्या हातातली माझी जर्नल काढून घेतली असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्या रात्री ती जर्नल बघून पोटात जरा कालवलं एवढं खरं.

पण मावशीचं काय?

इथे मी थांबलो. वेकफिल्ड खोटे ठरले, मान्य. पण मावशी तर खोटं बोलत नाही! तिनं लंडनचा पेपर वाचलेला नाही. तिनं डोळ्यांनी पाहिलं की इंजेक्शन झालं आणि मग शब्द गेले. लेखक लबाड निघाला म्हणून त्याचा विषयही आपोआप खोटा होत नाही. तो वेगळा तपासायला हवा.

आता एक साधं गणित करू. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा एका मोठ्या जिल्ह्यात एका वर्षी एक लाख मुलं जन्मली. शंभरात एकाला ऑटिझम धरला तर झाली १,००० मुलं. यातल्या निम्म्या मुलांच्या आई-वडिलांच्या लक्षात काहीतरी बिघडल्याचं एक ते दोन वर्षं या वयात आलं असं धरू, कारण बोलणं, बोट दाखवणं, हाकेला वळणं हे सगळं याच वयात यायचं असतं. म्हणजे ५०० मुलं, ५२ आठवड्यांत पसरलेली. याच वर्षात प्रत्येकाला एक लस मिळते. लसीचा ऑटिझमशी काडीचाही संबंध नाही असं धरलं, तरी लसीनंतरच्या चार आठवड्यांत लक्षण दिसणारी मुलं किती? ५०० गुणिले ४ भागिले ५२, म्हणजे ३८.

एका वर्षी, एका जिल्ह्यात ३८ घरं! प्रत्येक घरातली आई शपथेवर खरं सांगणार की इंजेक्शन झालं आणि महिन्यात मूल बोलायचं थांबलं. ३८ जणी एका हॉलमध्ये बसल्या तर ऐकणाऱ्याला वाटेल की आता आणखी पुरावा काय पाहिजे? पण हा आकडा निव्वळ कॅलेंडरमधून आलेला आहे. आणि ज्यांच्या बाबतीत लक्षण लसीच्या चार आठवडे आधी दिसलं, तीही साधारण तेवढीच घरं असणार. ती मात्र हॉलमध्ये येत नाहीत, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नसते.

म्हणजे मावशी जे सांगते ते खरं आहे, पण ते 'नंतर' आहे. 'मुळे' आहे की नाही हे एका घरातून, १२ घरांतून किंवा ३८ घरांतूनही कळणार नाही. त्यासाठी लस न घेतलेली मुलं शेजारी ठेवून तुलना करावी लागते. आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो हाच.

तुलना केली तेव्हा काय दिसलं?

डेन्मार्क हा लहान देश, पण तिथे प्रत्येक नागरिकाला क्रमांक आहे आणि लसीची, निदानाची नोंद त्या क्रमांकावर होते. १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांचा अभ्यास तिथे झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एमएमआर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच निघालं. लस कोणत्या वयात दिली, देऊन किती दिवस झाले, यानंही फरक पडला नाही.

लोकांचं समाधान झालं नाही. काही मुलं आधीच नाजूक असतील, त्यांच्यावरच परिणाम होत असेल, असं म्हणणं पुढे आलं. रास्त शंका आहे. म्हणून त्याच देशात १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांवर दुसरा अभ्यास झाला, तो २०१९ साली आला. यात ज्यांच्या सख्ख्या भावंडांना ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढून पाहिली. त्यांच्यातही लसीनं धोका वाढलेला दिसला नाही.

जपानची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या एमएमआरमधल्या गालगुंडाच्या घटकामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाला सूज येऊ लागली, म्हणून १९९३ साली जपाननं ती लस बंद केली. म्हणजे प्रयोगातला एक घटक अख्ख्या देशातून काढूनच टाकला! योकोहामा शहरातल्या एका भागात पाहणी झाली. लस शून्यावर आली आणि ऑटिझमची निदानं? ती वाढतच गेली. स्विच बंद केल्यावरही दिवा चालूच राहिला, तर त्या दिव्याची वायर त्या स्विचला जोडलेली नाही, एवढं तर इलेक्ट्रिकलवाले सोडून बाकीच्यांनाही कळेल.

आणि या गोष्टीतून आणखी एक शिकण्यासारखं आहे. लस म्हणजे अमृत नव्हे. तिचे खरे दुष्परिणाम असतात. एमएमआरनंतर ताप येतो, साधारण तीन-चार हजार डोसांत एखाद्या मुलाला तापात झटका येतो. अमेरिकेत १९९९ साली रोटाव्हायरसची एक लस आतडं अडकण्याच्या दुर्मीळ त्रासामुळे मागे घ्यावी लागली, आणि हा त्रास दहा हजारांत एखाद्याला होत होता. म्हणजे दहा हजारांत एक असा दोषही शोधण्याइतकी ही पद्धत बारीक आहे. मग तिला लाखो मुलांत ऑटिझमचा संबंध वारंवार शोधूनही सापडत नाही, याला काही अर्थ आहे की नाही?

पाऱ्याचं प्रकरण

अमेरिकेत या वादानं दुसरंच रूप घेतलं. तिथला आरोपी होता थायोमर्सल, म्हणजे वजनानं जवळजवळ निम्मा पारा असलेलं एक संरक्षक रसायन. ते लसीत घालायचंच कशाला? तर १९२८ साली ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग गावी घटसर्पाच्या लसीच्या बाटलीत जंतू शिरले आणि १२ मुलं दगावली. एकाच बाटलीतून अनेक मुलांना लस द्यायची तर पुन्हा पुन्हा सुई घालताना जंतू जाणार. ते मारायला हे रसायन.

'पारा' म्हटल्यावर कुणीही दचकेल. पण केमिकलवाल्यांना सांगायला नको की रेणू बदलला की वागणूक बदलते. माशांतून शरीरात साठणारा तो मिथाइल पारा, तो महिना-दीड महिना रक्तात निम्माही होत नाही. थायोमर्सलमधून निघतो तो इथाइल पारा, तो साधारण आठवड्याभरात निम्म्यावर येतो. मिथेनॉल आणि इथेनॉल यांत जसा जीवघेणा फरक आहे, तसंच हे.

तरीही खबरदारी म्हणून अमेरिकेनं १९९९ साली हे रसायन काढायचं ठरवलं आणि २००१ पर्यंत नेहमीच्या बाललसींतून ते जवळपास गेलं. डेन्मार्कनं तर १९९२ मध्येच काढलं होतं. दोन्हीकडे ऑटिझमची निदानं कमी झाली नाहीत, वाढली. आणि मुख्य म्हणजे एमएमआरमध्ये हे रसायन कधीच नव्हतं. ती जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस आहे, त्यात जंतुनाशक घातलं तर लसच मरेल! व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाच मेसेजमध्ये 'एमएमआरमधला पारा' असं वाचलंत तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग कारण काय?

हा प्रश्न ताईनं विचारला नाही, पण मावशी नक्की विचारणार होती. आणि 'लस नाही' एवढंच उत्तर घेऊन एखाद्या आईसमोर जाणं बरं नाही.

ऑटिझमचं आजच्या अर्थानं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून केलं. त्यानंतर वीसेक वर्षं दोष दिला गेला आयांना! आई थंड आहे, प्रेम देत नाही, म्हणून मूल आत मिटलं, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द तेव्हाचा. मुलामुळे आधीच पिचलेल्या बायकांना वर हे ऐकावं लागलं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, पुस्तक लिहून सांगितलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. (हेच रिमलंड पुढे लसींकडे बोट दाखवू लागले. एकदा बरोबर असलेला माणूस दर वेळी बरोबर असतोच असं नाही.)

१९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. एकाला ऑटिझम असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसऱ्यालाही तो होता. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही नाही. आकडे लहान होते, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनी दिशा तीच दाखवली: आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास. जनुकंही एक-दोन नाहीत, शेकडो आहेत. बाकी आई-वडिलांचं वाढलेलं वय, फार लवकर झालेला जन्म, गरोदरपणात घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध, अशा काही गोष्टींचा हातभार आढळला आहे. म्हणजे बराचसा पाया मूल पोटात असतानाच घातला जातो.

आणि आता ऐका. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हेही ऑटिझमशी जोडलं गेलेलं एक कारण आहे! १९६४-६५ साली अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. त्यानंतर डॉ. स्टेला चेस यांनी जन्मजात रुबेलाग्रस्त २४३ मुलं तपासली. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की त्यातल्या १० मुलांत ऑटिझम होता आणि आणखी ८ जणांत त्याची अर्धवट लक्षणं होती. म्हणजे ज्या लसीवर ऑटिझमचा आरोप झाला, ती लस ऑटिझमचं एक कारण रोखते.

'पण मग आकडे एवढे का वाढले?' हा माझ्या रूममेटचा प्रश्न. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत २००० साली १५० मागे १ आणि २०२२ साली ३१ मागे १, ही तिथली सरकारी पाहणी आहे. यातला मोठा भाग मोजपट्टी बदलल्याचा आहे. १९८० आणि १९९४ साली निदानाचे निकष बदलले, सौम्य लक्षणांची मुलंही धरली जाऊ लागली. पूर्वी ज्यांना नुसतं 'मतिमंद' म्हणून नोंदवायचे, त्यांतले बरेच आता या रकान्यात आले. डॉक्टर, शिक्षक, पालक शोधू लागले म्हणून सापडू लागले. गेजचा लीस्ट काउंट बदलला की रीडिंग बदलतं, तसंच. सगळी वाढ एवढ्यानंच होते का, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. पण लसीचं उत्तर तपासून झालेलं आहे.

याची किंमत कुणी दिली?

गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणीच सुरक्षित नसेल तर, १२ ते १८ जणांना रोग देतो. १५ धरा. साथ थांबायची तर त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित हवेत. १४ भागिले १५ म्हणजे ९३ टक्के. लस घेतलेल्या प्रत्येकावर ती काम करतेच असं नाही, म्हणून ९५ टक्के लसीकरण लागतं. ब्रिटनमध्ये ते ८० वर आलं होतं, आठवतंय ना? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९८ साली गोवराचे ५६ पक्के रुग्ण होते, २००८ साली १,३०० च्या वर गेले. २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी भागात साथ आली, सुमारे १,२०० रुग्ण नोंदले गेले आणि २५ वर्षांचा एक तरुण गेला. साथीत सापडलेल्यांमध्ये बरीच मुलं लहानपणी लस चुकलेली, म्हणजे ऐन त्या वादाच्या वर्षांतली होती.

अमेरिकेतून २००० साली गोवर हटल्याचं जाहीर झालं होतं. २०२५ साली टेक्सासमध्ये साथ आली, साडेसातशेहून अधिक रुग्ण आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं 'लसीमुळे ऑटिझम होत नाही' हे आपल्या संकेतस्थळावरचं ठाम विधान बदललं, संबंध नाहीच हे पूर्ण सिद्ध झालेलं नाही अशा अर्थाचा मजकूर घातला. डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनं सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि संबंध नसल्याचं पुन्हा सांगितलं. 'अजिबातच नाही' हे कशाबद्दलच सिद्ध करता येत नसतं, मंडळी. या पुलावरून हत्ती गेले तरी तो उद्या पडणारच नाही, हे कुणी सिद्ध करू शकेल का? तरी आपण पुलावरून जातो, कारण आपण लोड टेस्ट बघतो.

आणि हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवर पसरला, लहान मुलं गेली. तिथे लसी चुकण्याची कारणं अनेक होती, लंडनच्या पेपरला तिथे ओढायचं कारण नाही. पण लस चुकली की काय होतं ते मात्र सगळीकडे सारखंच.

वाढदिवसाची सीडी

ताईला मी फोन करून एवढंच सांगितलं, "डोस दे. ताप आला तर घाबरू नकोस." (सरकारी केंद्रात दीड वर्षाला मिळते ती गोवर-रुबेलाची लस.) छकुलीला एक दिवस ताप आला. आता ती मला फोनवर 'मामा' म्हणते आणि फोन चाटते.

मावशीकडे मात्र मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः गेलो. वाचताना मला एक अभ्यास सापडला होता. १९९४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ टेप्स गोळा केल्या, ११ पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांच्या आणि ११ इतर मुलांच्या. हाकेला वळणं, चेहऱ्याकडे बघणं, बोट दाखवणं एवढंच मोजलं. तेवढ्यावरून बहुतेक मुलं बरोबर ओळखता आली. म्हणजे फरक पहिल्या वाढदिवसालाच होता. कुणाच्या लक्षात आला नव्हता इतकंच.

मी मावशीला विचारलं, "त्याच्या पहिल्या वाढदिवसाची सीडी आहे का ग?" कपाटातून निघाली. ती लसीच्या तीन महिने आधीची. फुगे, केक, आजी औक्षण करतेय. काका समोरून त्याच्या नावानं हाका मारतायत, एक, दोन, तीन, चार. तो बघतोय फिरणाऱ्या पंख्याकडे. सगळे हसतायत, "साहेबांना पंखा आवडलाय!"

एका सीडीनं काही सिद्ध होत नाही, हे मी वर पानभर लिहूनच बसलोय. मावशीलाही मी तेच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी त्याला नेलं नसतं, तरी..."

"तरी तो असाच असता मावशी. तू काही केलेलं नाहीस."

पंधरा वर्षं तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. आम्ही घरातल्यांनीसुद्धा. आम्ही फक्त गप्प बसायचो आणि गप्प बसणं म्हणजे मान्य करणं असतं. त्या लंडनच्या बारा रीडिंग्जनी रोग पसरवला तो पसरवलाच, पण जगभरातल्या अशा किती आयांच्या डोक्यावर नसलेला गुन्हा ठेवला याचा हिशोब कुणी केलेला नाही.

जाता जाता तीन गोष्टी. एक, तुमचं गोवर-रुबेलाचं लसीकरण झालंय का ते घरी विचारा, होस्टेलच्या एका मजल्यावर आपण साठ जण एकच हवा घेतो. माझी आठवीतली राहिलेली लस मी दिवाळीनंतर डॉक्टरांना विचारून घेतली, दंड दोन दिवस दुखला. दोन, ऑटिझम असलेली मुलं मोठी होतात आणि कॉलेजातही येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. आपल्या बॅचमध्ये कुणी गर्दीत कान झाकत असेल, नजर देत नसेल, तर त्याची नक्कल करण्याआधी माझ्या मावसभावाची आठवण ठेवा.

आणि तीन, पुढच्या प्रॅक्टिकलला ग्राफवरचा एखादा पॉइंट रेषेबाहेर गेला, तर तो तिथेच राहू द्या. सर ओरडले तर ओरडू देत.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी